ट्रॉसॅक्समध्ये आईबाबांना घेऊन चालायच्या सोप्या वाटा

प्रश्न असा आहे: मे महिन्याच्या अखेरीस पुण्याहून आईबाबा ग्लासगोला येणार आहेत. आई अडुसष्टची, बाबा बहात्तरचे, त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. सोबत सात वर्षांची मुलगी. भाड्याची गाडी आणि हाताशी चार दिवस आहेत. स्कॉटलंडमधल्या ट्रॉसॅक्स भागात तलाव आणि जंगल दोन्ही अनुभवता येईल अशा सोप्या पायवाटा हव्यात. बेन आन ही टेकडी ‘छोटी आणि सोपी’ म्हणून सगळीकडे सुचवली जाते, ती जमेल का?

मी बरीच वर्षं स्टर्लिंगजवळ राहते आणि ज्येष्ठांच्या चालण्याच्या गटांना स्वयंसेवक म्हणून घेऊन जाते. त्या अनुभवावरून सांगते, बेन आन या वेळी नको. उंची ४५४ मीटर आणि जाऊन-येऊन जेमतेम पावणेचार किलोमीटर, हे आकडे बघून ती किरकोळ वाटते. पण त्या छोट्या अंतरात साडेतीनशे मीटरच्या आसपास चढ आहे. सुरुवातीलाच छातीवर येणारी चढण आणि शेवटी दगडी पायऱ्यांची लांब रांग. सिंहगड चढण्याची सवय असलेल्या माणसाला चढताना काही वाटणार नाही, शस्त्रक्रिया झालेला गुडघा मात्र उतरताना त्रास देतो. ओल्या दगडावर तर फारच. वरून दिसणारं लॉख कॅट्रिन (लॉख म्हणजे तलाव) अप्रतिम आहे यात वाद नाही. तुम्ही एखाद्या सकाळी एकटे जाऊन या.

इथे वाट सोपी आहे की नाही हे मी किलोमीटरवरून ठरवत नाही. पायाखाली काय आहे ते आधी बघते. डांबर किंवा दाबून बसवलेली खडी असेल तर बाबा पाच किलोमीटरही आरामात चालतील. ओली मुळं, चिखल आणि शेवाळलेल्या लाकडी फळ्या असतील तर एक किलोमीटरही जड जाईल. दुसरी गोष्ट, वाट कुठूनही मागे फिरता येण्याजोगी हवी. गोल फेरीच्या वाटेवर निम्म्यात थकवा आला तर पुढचं निम्मं पार करावंच लागतं. गेलेल्या वाटेनेच परतायचं असेल तर प्रत्येकाला आपापल्या दमाप्रमाणे वळता येतं आणि कुणाला कमीपणाही वाटत नाही. तिसरी गोष्ट स्वच्छतागृहाची. वाटांवर ती नसतात, फक्त सुरुवातीच्या ठिकाणी असतात. वयस्कर मंडळी सोबत असताना दिवसाची आखणी त्यावरूनच करावी. ती गैरसोय टाळायला आईमंडळी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी त्यांचं डोकं दुखतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता जागांकडे वळू. ट्रॉसॅक्स हा भाग लॉख लोमंड आणि ट्रॉसॅक्स राष्ट्रीय उद्यानात येतो. २००२ साली झालेलं हे स्कॉटलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर. आपल्याकडच्या अभयारण्यासारखं फाटक, प्रवेश शुल्क, वनखात्याची परवानगी असं इथे काही नाही. गावं, शेतं, मेंढ्या, लागवडीची जंगलं, सगळं उद्यानाच्या आतच आहे. २००३ च्या भूसुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये जवळजवळ सगळ्या जमिनीवर जबाबदारीने चालण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, पाहुण्यांनाही. जबाबदारी म्हणजे फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. वासरं सोबत असलेल्या गायींपासून लांबून जायचं. कचरा परत न्यायचा, आणि त्यात संत्र्याची सालंही आली.

पहिल्या दिवशी लॉख कॅट्रिनला जा. माझ्या मते पायाने अधू, वयस्कर किंवा बाबागाडीतल्या कुणालाही स्कॉटलंडचं खरं रूप दाखवणारी याहून चांगली वाट या भागात नाही. ट्रॉसॅक्स पियर या धक्क्यापाशी गाडी लावायची. तिथेच उपाहारगृह आणि स्वच्छतागृह आहे. तिथून तलावाच्या उत्तर काठाने एक डांबरी रस्ता पश्चिमेच्या टोकाला वळसा घालून स्ट्रोनाक्लाकरपर्यंत जातो, सुमारे २१ किलोमीटर. या रस्त्यावर सर्वसामान्यांच्या गाड्यांना बंदी आहे. चालणारे, सायकलवाले आणि क्वचित पाणीपुरवठा खात्याची एखादी गाडी, एवढीच वर्दळ. सायकली मागून आवाज न करता येतात, म्हणून मुलीला कडेच्या बाजूला ठेवा.

इतक्या रानात डांबरी रस्ता आला कुठून, हा प्रश्न बाबा नक्की विचारतील. एकोणिसाव्या शतकात ग्लासगोत पटकीच्या साथी एकामागून एक आल्या आणि शहराला स्वच्छ पाणी देणं भागच झालं. अभियंता जॉन फ्रेडरिक बेटमन यांच्या योजनेनुसार या तलावाचं पाणी बोगदे आणि कालव्यांतून, केवळ उताराच्या जोरावर, सुमारे ४२ किलोमीटरवरच्या, ग्लासगोलगतच्या मिलगायपर्यंत नेण्यात आलं. १८५९ च्या ऑक्टोबरमध्ये राणी व्हिक्टोरियाने त्याचं उद्घाटन केलं. मुंबईचा विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, म्हणजे दोन्ही शहरांची तहान एकाच सुमारास भागू लागली. तुमच्या ग्लासगोच्या घरी नळाला येणारं पाणीही बहुधा इथलंच आहे. आईबाबांना हे सांगा, मग तलावाकडे बघण्याची त्यांची नजर बदलते. पाणलोट म्हणून हा परिसर इतकी वर्षं जपला गेला, त्यामुळेच काठावर हॉटेलांची रांग उभी राहिली नाही आणि तुमच्या बाबांना चालायला असा मोकळा रस्ता मिळाला.

धक्क्यापासून दोनेक किलोमीटर चालत जा. रस्ता हलके चढ-उतार घेतो, दम लागेल असं काही नाही. उजव्या हाताला ओक आणि बर्चचं जंगल, डावीकडे पाणी, पाण्यापलीकडे बेन व्हेन्यूचा ७२९ मीटर उंचीचा खडकाळ डोंगर. लवकरच झाडीने भरलेलं एक चिमुकलं बेट दिसतं, ते एलन्स आयल. सर वॉल्टर स्कॉट यांनी १८१० मध्ये आपल्या ‘द लेडी ऑफ द लेक’ या दीर्घकाव्याचं कथानक याच परिसरात घडवलं आणि त्यातल्या नायिकेचं नाव या बेटाला चिकटलं. कविता गाजली तशी माणसांची रीघ लागली. स्कॉटलंडमध्ये निसर्ग पाहायला जाण्याची हौस वाढवण्यात त्या एका काव्याचा वाटा फार मोठा आहे. त्याच कवीच्या नावाची वाफेवरची जुनी बोट, १८९९ साली बांधलेली, या तलावाशी जोडलेली आहे. तिच्यासोबत इतर बोटीही चालतात. त्या दिवशी कोणती बोट कितीला सुटते ते आदल्या रात्री बघून ठेवा. सकाळी चालणं, दुपारी बोट, असा क्रम ठेवा. बोटीवर वारा असतो आणि मे महिन्यातही तो कानात शिरतो. आईसाठी कानटोपी न्या, पुण्याहून निघताना ती हसली तरी न्या.

आणखी एक सुचवते. स्ट्रोनाक्लाकरपर्यंत बोटीने जाऊन चालत परतण्याची कल्पना काही जण देतात. २१ किलोमीटर आहे ते, तुमच्यासाठी नाही. बोटीनेच परत या.

तिथे पोहोचायच्या रस्त्याबद्दल थोडं. ॲबरफॉइलवरून लॉख कॅट्रिनला जाणारा घाट, ड्यूक्स पास, सुंदर आहे पण वळणावळणाचा. आईला गाडी लागत असेल तर तो टाळा. स्टर्लिंग, डून, कॅलेंडर या गावांवरून येऊन तिथून लॉख व्हेनाकर आणि लॉख ॲक्रे या दोन तलावांच्या काठाने पुढे जा. रस्ता अरुंद आहे, पण घाट नाही. कॅलेंडरमध्ये मुक्काम केलात तर आणखी सोयीचं. दुकानं, औषधं, चहा, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं आणि रोज ग्लासगोहून ये-जा करण्याचा शीण वाचतो.

कॅलेंडरला राहिलात की दुसरा दिवस गाडी न काढता जमतो. इथून ओबानकडे जाणारी रेल्वे १९६५ मध्ये बंद झाली आणि तिच्या जुन्या मार्गाचा बराच भाग आता चालायला आणि सायकलला वापरला जातो. गावातल्या नदीकाठच्या मैदानापासून सुरुवात होते. आगगाडीसाठी बांधलेला मार्ग असल्याने चढ जाणवतही नाही. किलमाहॉगपर्यंत जाऊन परत फिरलात तर छोटी फेरी होते. अंगात दम असेल तर पुढे लेनीच्या खिंडीत जा. तिथे नदी खडकांतून फुफाटत येते आणि लेनीचा धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो. धबधब्याशेजारचे खडक ओले आणि निसरडे असतात. मुलीचा हात धरूनच उभं राहा.

त्याच दिवशी दुपारी पाय शाबूत असतील तर ब्रिग ओ’ टर्कजवळचं ग्लेन फिंगलास बघा. ही पूर्वी राजांची शिकारीची राखीव जागा होती. १९९६ पासून ती वुडलँड ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि ते इथे मूळचं जंगल परत वाढवत आहेत. शेकडो वर्षांची जुनी, पोकळ खोडांची झाडं मध्येमध्ये आणि त्यांच्याभोवती नवी लागवड, असं एकाच नजरेत दिसतं. लेंड्रिक हिलच्या वाहनतळापासून सुरू होणाऱ्या छोट्या फेऱ्या तुमच्यासाठी योग्य. दरीत आत जाणारी लांबची डोंगरवाट वेगळी, ती दिवसभराची आहे. फलक नीट वाचा.

तिसरा दिवस ॲबरफॉइलचा, पण जाताना वाटेत लेक ऑफ मेंटीथला थांबा. कॅलेंडरहून ए-८१ रस्त्याने गेलात की ड्यूक्स पास लागत नाही आणि हा तलाव वाटेतच येतो. पोर्ट ऑफ मेंटीथच्या छोट्या धक्क्यावरून लहान बोट काही मिनिटांत इंचमहोम बेटावर नेते. बेटावर १२३८ मध्ये स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत. १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत स्कॉटिश सैन्याचा पराभव झाल्यावर स्कॉटलंडच्या चार वर्षांच्या राणी मेरीला काही आठवडे इथे सुरक्षित ठेवलं होतं. तुमच्या लेकीपेक्षा लहान मुलगी, आणि राणी! मुलांना ही गोष्ट फार भावते. बेट छोटं, वाट जवळजवळ सपाट, जुनी चेस्टनटची झाडं. घाई न करता तासभर फिरायला उत्तम. बोट फक्त हंगामात चालते, वारा जोराचा असेल तर थांबवतात.

ॲबरफॉइलच्या वर टेकडीवर वनविभागाचं द लॉज हे केंद्र आहे. आजूबाजूचं क्वीन एलिझाबेथ फॉरेस्ट पार्क १९५३ मधलं. इथल्या वाटांना रंगीत खांबांच्या खुणा आहेत आणि प्रत्येक वाटेची सोपी, मध्यम, अवघड अशी प्रतवारी फलकावर लिहिलेली असते. ती प्रतवारी प्रामाणिक असते, तिच्यावर विश्वास ठेवा. धबधब्याची फेरी दीडेक किलोमीटरची आहे. केंद्र उंचावर आणि धबधबा खाली, म्हणून जाताना उतार आणि येताना चढ. बाबांनी परत येताना वेळ घ्यावा. इथे लाल खार बघायची आडोशाची जागा आहे. करड्या खारींनी ब्रिटनच्या मोठ्या भागातून लाल खारींना हुसकावलं, त्यामुळे ती दिसणं ही भाग्याची गोष्ट. सकाळी लवकर आणि अगदी शांत बसलात तर शक्यता जास्त.

गावाच्या पलीकडे डून हिल नावाची टेकडी आहे. इथले धर्मोपदेशक रॉबर्ट कर्क यांनी पऱ्या आणि अदृश्य लोकांविषयीच्या लोकसमजुती लिहून ठेवल्या. १६९२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, आणि पऱ्यांनीच त्यांना नेलं, त्यांचा आत्मा माथ्यावरच्या पाइनच्या झाडात आहे, अशी आख्यायिका आहे. लोक तिथे झाडांना चिंध्या आणि चिठ्ठ्या बांधतात. चढ छोटा पण खडा आहे. बाबा खाली बसतील आणि मुलगी तुमच्याबरोबर वर जाईल, असं करा. तिथे काही बांधू मात्र नका. प्लास्टिक आणि नायलॉन झाडाला काचतं.

चौथा दिवस लॉख लोमंडसाठी. क्षेत्रफळाने हा ब्रिटनमधला सर्वांत मोठा तलाव, सुमारे ७१ चौरस किलोमीटर, लांबी ३९ किलोमीटर. पूर्व काठावरचं बाल्माहा गाठा. तिथली कॉनिक हिल ही टेकडी ३६१ मीटरची, तीही बेन आनसारखीच फसवी, पायऱ्याच पायऱ्या. ती सोडा आणि नावाड्याकडून समोरच्या इंचकेलोख बेटावर जा. मे महिन्यात गेलात तर या बेटावरच्या ओकच्या जंगलात जमिनीवर निळ्या ब्लूबेल फुलांचा गालिचा असतो. महिनाअखेरीस तो ओसरत आलेला असेल, म्हणून शक्य असल्यास हा दिवस चौथा न ठेवता पहिला करा. माथ्याकडे जाणारी वाट चढाची आहे, तुम्ही खालची वाट धरा. जुन्या चर्चचे अवशेष आणि मॅकग्रेगर घराण्याची थडगी असलेली दफनभूमी बघून पलीकडच्या किनाऱ्यावर डबा उघडा. धक्क्यापाशी काही पायऱ्या आहेत. काठी न्या.

या ओकच्या जंगलांविषयी चार वाक्यं लिहिल्याशिवाय राहवत नाही. ती अस्पर्श वाटतात, पण माणसाच्या हाताखालून गेलेली आहेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चामडं कमावण्यासाठी ओकच्या सालीला मोठी मागणी होती. म्हणून ठरावीक वर्षांनी झाडं बुंध्याशी तोडायची, पुन्हा फुटवे येऊ द्यायचे, असं चक्र चालायचं. एकाच बुडख्यातून तीन-चार खोडं निघालेली झाडं दिसली की समजायचं, ही ती तोडलेली झाडं. अटलांटिकवरून येणाऱ्या ओल्या हवेमुळे त्यांच्या फांद्यांवर शेवाळ, दगडफूल आणि नेचे इतके दाट वाढतात की या रानांना समशीतोष्ण वर्षावन म्हणतात. मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल म्हणजे असंच एक शैवाक. आईला फांदीवरचं दाखवा, पण तोडू देऊ नका. जवळ जाऊन एकच खोड पाच मिनिटं बघा. या जंगलाचं वैभव लांबून कळत नाही.

आता हवामान आणि कपडे. तुमची वेळ चांगली आहे. एप्रिल ते जून हा इथला त्यातल्या त्यात कोरडा काळ आणि मेअखेरीस रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. तरी पाऊस येणारच असं धरून चला. छत्री वाऱ्यात टिकत नाही. टोपीचं जलरोधक जाकीट प्रत्येकाला हवं. जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि अंग गार पडतं. आई साडी नेसत असेल तर या चार दिवसांसाठी सलवार-कमीज किंवा ट्राउझर, कारण भिजलेला काठ पायात अडकतो. बूट खाचदार तळाचे हवेत. नवे कोरे बूट घालून येऊ नका, पुण्यातच महिनाभर वापरून घ्या. डब्याला दशम्या, थेपले, चटणी उत्तम. सोबत थर्मासमध्ये चहा. बाबांना मधुमेह असेल तर खिशात साखर असू द्या, वाटेवर दुकान नाही.

दोन किड्यांची माहिती हवी. मिज म्हणजे इथली अतिसूक्ष्म चिलटं, मेअखेरीपासून सुरू होतात. वारा पडला आणि ढगाळ संध्याकाळ असली की थवेच्या थवे येतात. जरा वारा सुटला की गायब. त्यामुळे डबा खायला उघड्या, वाऱ्याच्या जागी बसा. ती फक्त छळतात. गोचीड मात्र गंभीरपणे घ्या, तिच्यातून लाइम हा जिवाणूंमुळे होणारा रोग होऊ शकतो. उंच गवत आणि नेच्यांच्या झुडपांत ती असते. पॅन्ट मोज्यात खोचा. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, मुलीच्या केसांच्या कडेला नीट बघा. चिकटलेली दिसली तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या खास आकड्याने किंवा टोकदार चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा. तेल लावू नका, जाळू नका. नंतरच्या काही आठवड्यांत त्या जागी लालसर डाग पसरत गेला तर डॉक्टरांना दाखवा आणि गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. आईबाबा तोवर पुण्यात परतलेले असतील. तिथल्या डॉक्टरांना हा रोग सहज सुचणार नाही, म्हणून सांगणं महत्त्वाचं.

पाण्याबद्दल. तलाव शांत दिसतात, पण काठापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो आणि उन्हाळ्यातही पाणी इतकं थंड असतं की श्वास अडकतो. मुलीला घोट्यापर्यंतच उतरू द्या, तेही तुम्ही शेजारी असताना. इथे चांगले पोहणारेही बुडालेले आहेत.

शनिवार-रविवारी चांगल्या हवेत वाहनतळ सकाळीच भरतात. तुमचे चार दिवस सोमवार ते गुरुवार ठेवता आले तर उत्तम, नाहीतर दहाच्या आत पोहोचा. रस्त्याच्या कडेला गाडी सोडू नका. दंड होतो आणि रुग्णवाहिकेची वाट अडते. लॉख कॅट्रिनच्या बाजूला मोबाइलला रेंज फार कमी. नकाशा आधी उतरवून ठेवा. कागदी नकाशा हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल ४६ ट्रॉसॅक्ससाठी आणि ओएल ३८ लॉख लोमंडच्या दक्षिण भागासाठी. अपघात झाल्यास ९९९ लावा, रस्त्यापासून लांब असाल तर पोलिसांना मागा आणि त्यांना ‘माउंटन रेस्क्यू’ हवं असं सांगा. बोलण्याइतकी रेंज नसेल तर त्याच क्रमांकावर लघुसंदेश पाठवता येतो, पण त्यासाठी फोन आधी नोंदवावा लागतो. ९९९ वर ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द पाठवला की पुढच्या सूचना येतात. हे ग्लासगोतून निघण्यापूर्वीच करून ठेवा.

एखादा दिवस पूर्ण पावसाचा निघाला तर लॉख कॅट्रिनचा डांबरी रस्ता तेव्हाही चालतो. बाकी तीन जागा पुढे-मागे करा आणि ओल्या मुळांची कुठलीही वाट त्या दिवशी सोडून द्या. बाबांचा गुडघा पहिल्या दिवसानंतर कसा आहे ते बघा. दुखत असेल तर दुसरा दिवस नुसता कॅलेंडरच्या नदीकाठी बदकं बघण्यात घालवा आणि इंचकेलोखच्या पायऱ्यांऐवजी पश्चिम काठावरच्या लस गावात, पाण्यालगतच्या सपाट वाटेने फिरा.